काटा कुणाचा?

२००७चा जून. पेरणीआधीचे रिकामे दिवस. पाटोदा तालुक्यातल्या एका गावच्या पारावर बसून मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली एक बातमी मोठ्यानं वाचत होतो. एरिस नावाचा जो गोळा दोन वर्षांपूर्वी सूर्यमालेच्या पार टोकाला सापडला, तो प्लूटोपेक्षा वजनाला २७ टक्क्यांनी जास्त भरतो, अशी ती बातमी. ऐकायला सात-आठ जण. त्यातले निम्मे पट्टा पडल्यावर पाडव्याच्या आगेमागे घरी परतलेले ऊसतोड कामगार. बातमी संपली. तळहातावर तंबाखू मळणाऱ्या एका म्हाताऱ्यानं चुना झटकला आणि विचारलं, "गुर्जी, काटा कोणाचा होता?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हातारा मात्र हसला नाही, कारण त्यानं चेष्टा केलीच नव्हती. कारखान्याच्या काट्यावर आधी भरलेली गाडी चढते, मग ऊस उतरवून रिकामी. दोन्ही आकड्यांची वजाबाकी निघते ती त्याची आणि त्याच्या बायकोची तोड. कोयत्याचा सगळा हिशोब टनावर. मुकादमाची उचल फिटली की अंगावर राहिली, हे त्या लोखंडी पत्र्यावर ठरतं. 'काटा मारणे' हा शब्दप्रयोग ज्यानं अंगावर सोसलाय, तो माणूस वजनाचा आकडा ऐकला की आधी काट्याची चौकशी करणारच. बातमीत काट्याचा उल्लेख नव्हता. वीस वर्षं विज्ञान शिकवूनही मी "शास्त्रज्ञ लोक गणितानं काढतात" असं काहीतरी गुळमुळीत बोललो आणि वेळ मारून नेली.

खरं उत्तर सोपं होतं. काटा डिस्नोमियाचा होता. डिस्नोमिया म्हणजे एरिसचा चंद्र, एरिसच्या मानानं कितीतरी लहान आणि काळपट. २००५च्या सप्टेंबरात हवाईमधल्या केक दुर्बिणीतून तो सापडला. मायकेल ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केक आणि हबल या दोन दुर्बिणींतून त्याच्या फेऱ्या मोजल्या, आणि त्यावरून एरिसचं वजन काढलं. हे पुस्तक अशाच चंद्रांविषयी आहे. लेखकानं प्रस्तावना मागितली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तो पारच आला. लिहायचं कबूल केलं, ते त्या जुन्या उधारीपोटी.

हा काटा चालतो कसा, ते आधी सांगून टाकतो. एखादी वस्तू दुसरीभोवती किती अंतरावरून आणि किती दिवसांत फिरते, एवढं कळलं की मधल्या वस्तूचं वजन निघतं. न्यूटननं १६८७ मध्ये हे दाखवून दिलं. फिरणारी वस्तू हलकी असेल तर तिचं स्वतःचं वजन हिशोबात धरावंही लागत नाही. आकडेमोड किराणा दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर होते, करूनच बघा. आपला चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवरून २७.३ दिवसांत फेरी मारतो. डिस्नोमिया सुमारे ३७,३०० किलोमीटरवरून १५.८ दिवसांत मारतो. पहिल्या अंतराला दुसऱ्यानं भागा, १०.३ येतात. त्यांचा घन करा, सुमारे १,०९५. दिवसांनाही तसंच भागा, १.७३ येतात. त्यांचा वर्ग जवळपास ३. आता १,०९५ला त्या ३नं भागा, ३६५च्या घरातला आकडा येतो. म्हणजे एका पृथ्वीच्या वजनात साधारण ३६५ एरिस मावतील. संपला हिशोब. यात कुठं भरलेली गाडी नाही, रिकामी नाही. लागतं ते एक अंतर आणि एक कालावधी.

फिरणारं कुणी सोबतीला नसेल, तर मात्र वजनाचं सगळं अंदाजावर जातं. सेडना १४ नोव्हेंबर २००३ रोजी सापडली. सूर्याभोवती तिची एक फेरी सुमारे ११ हजार वर्षांची. तिला आजवर एकही चंद्र मिळालेला नाही, म्हणून तिचं वजनही कुणाला सांगता येत नाही. तिचा उजेड मोजता येतो, रंग सांगता येतो, तिच्यावरून येणारी ऊब टिपता येते. पण काटाच नाही.

काटा नसताना काय घडतं ते पाहायचं तर प्लूटोकडे जावं. १८ फेब्रुवारी १९३० रोजी क्लाइड टॉमबॉनं तो शोधला तेव्हा तो निदान पृथ्वीएवढा तरी भारी असणार, असा समज होता. पुढं जसजशी निरीक्षणं सुधारली तसतसं त्याचं वजन उतरत गेलं. इतकं उतरलं, की १९८० मध्ये दोन शास्त्रज्ञांनी गमतीनं त्या घसरणीचा आलेख काढला आणि १९८४च्या सुमारास प्लूटो नाहीसाच होणार, असं भाकीत छापलं! काटा मारण्याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. फरक एवढाच, की इथं मापात कुणी पाप केलं नव्हतं. काटाच नव्हता आणि सगळे नजरेनं वजन करत होते.

प्लूटोचा काटा सापडला तो एका बिघाडामुळे. २२ जून १९७८. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेत जेम्स ख्रिस्टी प्लूटोचे फोटो मोजत होते. फोटोंच्या काचा मोजायचं यंत्र मध्येच बंद पडलं. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, जरा थांबा, तुमची मदत लागेल. थांबलेल्या वेळात ख्रिस्टींनी जुन्या काचा काढल्या. १९७०च्या एका काचेवर शेरा होता : प्लूटोची प्रतिमा लांबट आली आहे. असा शेरा म्हणजे काच वाया गेली, असंच धरत. शेजारचे तारे मात्र गोल आले होते, फक्त प्लूटोलाच एका अंगाला फुगवटा. तो फुगवटा ठरावीक दिवसांनी प्लूटोला वळसा घालतो, हे ख्रिस्टींच्या ध्यानात आलं. सहा दिवस आणि नऊ तासांची ती फेरी. तो प्लूटोचा चंद्र होता. मग प्लूटोचं वजन पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास येऊन थांबलं, ते कायमचं.

ख्रिस्टींनी त्याचं नाव शेरॉन ठेवलं. बायकोचं नाव शार्लीन, घरी तिला शार म्हणत. त्याला शोभेलसं शेपूट जोडलं आणि मग कळलं, की ग्रीक पुराणात मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी याच नावाचा आहे. आपल्याकडे ट्रॉलीच्या फाळक्यावर पोरांची नावं रंगवतात, त्यातलाच हा प्रकार. डिस्नोमियाच्या नावातही अशीच खोडी आहे. एरिसला शोधकांनी आधी झीना असं लाडकं नाव दिलं होतं, एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या लढवय्या बाईवरून. ती भूमिका करणाऱ्या नटीचं आडनाव लॉलेस, म्हणजे कायदा न मानणारी. डिस्नोमिया ही ग्रीकांच्या भांडखोर एरिस देवीची मुलगी, आणि तिच्या नावाचा अर्थही बेबंदशाही. क्वाओआर नावाच्या अशाच एका दूरच्या गोळ्याच्या चंद्राची गोष्ट जास्त सभ्य आहे. क्वाओआर हे लॉस एंजेलिस परिसरातल्या टोंग्वा आदिवासींच्या सृष्टिकर्त्याचं नाव. चंद्राचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा शोधकांनी त्यांनाच विचारलं, आणि त्यांनी सृष्टिकर्त्याच्या मुलाचं नाव सुचवलं : वेवॉट.

नावांवरून आठवलं. लेखकानं पुस्तकभर 'बटुग्रह' हा शब्द वापरलाय. ऑगस्ट २००६ मध्ये प्राग इथं आंतरराष्ट्रीय खगोल संघानं प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवून वेगळं पान वाढलं, त्या नव्या पंगतीसाठी मराठीत हा शब्द रुळला. शब्द गोड आहे. पण बटू म्हटलं की माझ्यापुढं मुंज झालेला आठ वर्षांचा पोरगा उभा राहतो, आणि इथं बोलणं चाललंय साडेचार अब्ज वर्षांच्या थेरड्यांबद्दल. मी 'खुजा ग्रह' लिहिलं असतं. यावर आमचं फोनवर तासभर वाजलं आणि लेखक जिंकला, कारण पुस्तक त्याचं आहे.

आणखी एक. बीडच्या माणसानं आकाशावर लिहिलं की कुणीतरी भास्कराचार्यांना मध्ये आणतंच. त्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड असं सांगून ठेवलंय. ते म्हणजेच बीड असं मानणारे अभ्यासक आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवानं १२०७च्या सुमारास कोरवलेल्या शिलालेखाकडे बोट दाखवणारेही आहेत. ११५० मधल्या सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे असं म्हटलंय, हे खरं. पण ओढ किती आणि अंतर किती, याचा हिशोब तिथं नाही, आणि काट्याला तर हिशोबच लागतो. लेखकानं हा विषय अर्ध्या पानात आटोपला, ते बरं केलं.

पुस्तकातलं माझं आवडतं प्रकरण माकेमाकेच्या चंद्राचं. माकेमाके हा बटुग्रह ३१ मार्च २००५ रोजी सापडला. ईस्टर नुकताच होऊन गेला होता, म्हणून शोधकांनी त्याला आधी ईस्टरचा ससा म्हटलं आणि २००८ मध्ये ईस्टर बेटावरच्या लोकांच्या सृष्टिकर्त्याचं नाव दिलं. व्यास सुमारे १,४३० किलोमीटर. हे माप सावलीवरून मिळालं. २३ एप्रिल २०११ रोजी तो एका ताऱ्यासमोरून सरकला, तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या कितीतरी दुर्बिणींतून ते पिधान पाहिलं गेलं. तारा कुठून किती सेकंद झाकला गेला, यावरून आकार काढता आला. माप झालं, वजन राहिलं. प्लूटोला चंद्र, एरिसला चंद्र, हौमिया या बटुग्रहाला तर दोन. या चौघांत हा एकटाच बिनसोबतीचा दिसत होता. हबलनं आधीही शोध घेतला होता, हाती काही लागलं नव्हतं.

मग २७ एप्रिल २०१५ रोजी हबलनं काढलेल्या फोटोंत माकेमाकेच्या शेजारी एक ठिपका दिसला, माकेमाकेपेक्षा १,३०० पट अंधुक. जत्रेतल्या हॅलोजनच्या बगलेत उदबत्तीचं टोक शोधावं तसं. दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं तर ठिपका गायब. अॅलेक्स पार्कर आणि सहकाऱ्यांनी कसून तपासलं आणि २६ एप्रिल २०१६ रोजी जाहीर केलं, की हा चंद्रच आहे. त्याचं सरकारी नाव एस/२०१५ (१३६४७२) १, घरगुती नाव एमके-२. माकेमाकेपासून सुमारे २१,००० किलोमीटरवर. व्यास अंदाजे १६० किलोमीटर, म्हणजे आष्टीपासून परळीपर्यंत सरळ रेघ ओढली तर जेवढी होईल त्याहून थोडा जास्त. एवढ्याशा गोळ्याच्या उजेडाची ७८० कोटी किलोमीटरवरून दखल घेतली गेली.

दोन दिवसांत तो गेला कुठं? याचं उत्तर जुन्या खळ्यावर आहे. मळणी यंत्रं येण्याआधी खळ्याच्या मधोमध मेढ रोवलेली असे आणि तिच्याभोवती बैलांची पात फिरे. राखणीच्या माळ्यावर चढून बघितलं तर पात सगळी फेरी डोळ्यांसमोर फिरायची. पण खळ्याच्या कडेला जमिनीवर आडवं होऊन बघा. बैल कधी मेढीच्या डाव्या अंगाला लांब दिसतो, कधी उजव्या अंगाला, आणि मधल्या वेळात मेढीच्या पुढं नाही तर मागं येऊन तिच्यातच मिसळून जातो. माकेमाकेच्या चंद्राची कक्षा आपल्याला अशीच कडेवरून दिसते. त्यामुळे फेरीतला बराच वेळ तो माकेमाकेच्या झगमगाटात बुडालेला. आधीच्या शोधात तो निसटला असेल तर तो बहुधा असाच.

कडेवरून दिसण्याचा तोटा जेवढा, तेवढाच फायदाही. बैल मेढीच्या पुढून-मागून जातो, तसा चंद्र बटुग्रहाच्या पुढून-मागून जायला लागला की एकमेकांची ग्रहणं सुरू होतात, आणि त्यांच्या वेळांवरून आकार, उजेडाचे आणि अंधाराचे पट्टे, बरंच काही उलगडतं. प्लूटो आणि शेरॉनची अशी ग्रहणं १९८५ ते १९९० या काळात झाली. ती संधी दर सव्वाशे वर्षांनी येते. ख्रिस्टींचं यंत्र त्या दिवशी बिघडलं नसतं, तर कदाचित ती हुकलीही असती.

या चंद्रानं एक जुनं कोडंही सोडवलं असावं. माकेमाके तसा उजळ, गोठलेल्या मिथेननं झाकलेला. पण त्याच्याकडून येणारी ऊब मोजली तर कुठंतरी काळी, तापलेली जागा असली पाहिजे, असा हिशोब यायचा. आता काळा डाग पृष्ठभागावर असता, तर माकेमाके स्वतःभोवती फिरताना तो कधी दिसला असता, कधी लपला असता, आणि उजेड कमीजास्त झाला असता. तसं फारसं होत नव्हतं. मग काळं आहे कुठं? पार्कर यांनी सुचवलं, काळा भाग माकेमाकेवर नाहीच, तो शेजारी आहे. चंद्रच कोळशासारखा काळा असेल तर कोडं सुटतं. पांढऱ्याशुभ्र बटुग्रहाचा चंद्र इतका काळा का? तो आकारानं लहान, त्याची ओढ कमी. सूर्याच्या उन्हानं उडून जाणारा बर्फ त्याला धरून ठेवता येत नाही, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. पुस्तकातली याविषयीची बारा पानं सावकाश वाचावीत. लेखक इथं खरा रंगात आलाय.

माकेमाके आपल्याकडून दिसतो का? डोळ्यांनी नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अगदी अंधुक ताऱ्यापेक्षाही तो २५ हजार पट अंधुक आहे. पण कुठं आहे ते मात्र बोटानं दाखवता येतं. सध्या तो उत्तरा फाल्गुनी आणि स्वाती यांच्या साधारण मधोमध, अरुंधती केशाच्या बाजूला आहे. चैत्राच्या सुरुवातीला मध्यरात्रीच्या सुमारास ही जागा बीडच्या जवळपास डोक्यावर येते. रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला गेलेल्यानं फावड्याच्या दांड्याला टेकून मान सरळ वर केली, की तो माकेमाकेकडे बघतोय. बालाघाटावर अजून अंधार आहे. पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतात तेवढं सोडलं, तर आकाश चांगलं मिळतं. तिथून निघालेला उजेड आपल्याला गाठायला सात तासांहून जास्त वेळ घेतो.

आणि तो सूर्याभोवती फिरतो किती वेळात? सुमारे ३०६ वर्षांत. गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला बुडवलं, दिवाण विठ्ठल सुंदर तिथं पडला. तेव्हापासून आजपर्यंत माकेमाकेची एक फेरीसुद्धा पुरी झालेली नाही. त्याचा चंद्र मात्र तेवढ्या अवधीत त्याच्याभोवती हजारो वेळा फिरून आला असणार. या दोन घड्याळांची सांगड मला पुस्तकात हवी होती. ती नाही, म्हणून इथं घालून ठेवतो.

२०१६चा उन्हाळा आमच्याकडे कुणी विसरणार नाही. टँकरचे दिवस होते, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. मे महिन्यात मी माकेमाकेच्या चंद्राची बातमी कापून त्याच पारावर गेलो, नऊ वर्षांची उधारी फेडायला. म्हातारा होता, जास्तच वाकलेला, घागरींच्या रांगेवर नजर ठेवून बसलेला. मी त्याला काटा समजावून सांगितला : खळं, मेढ, पात, अंतर, दिवस. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, सुटलो. तर म्हणाला, "मेढीचं झालं. बैलाचं वजन कोणी केलं?"

मी पुन्हा अडकलो, पण या वेळी उत्तर होतं. फुगडी. दोन पोरी हात धरून गरगर फिरतात तेव्हा दोघी सारख्याच वजनाच्या असतील तर फिरण्याचा मध्य दोघींच्या बरोबर मधे राहतो. एक जाड आणि एक बारीक असेल तर तो जाड पोरीकडे सरकतो. तरी जाड पोर एका जागी खिळलेली नसते, तीही लहानसं वर्तुळ घेतेच. ते वर्तुळ मोजलं की बारकीचं वजन निघतं. प्लूटो आणि शेरॉनची फुगडी तर अशी, की मध्य प्लूटोच्या बाहेर, मोकळ्या जागेत पडतो. एरिसचं डगमगणं फार बारीक आहे. ते पुढं २०२३ मध्ये चिलीच्या वाळवंटातल्या अल्मा दुर्बिणींनाही टिपता आलं नाही. म्हणजे डिस्नोमियाचं वजन एरिसच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असावं, एवढंच कळलं. त्याच मोजणीत ऑर्कस नावाच्या अशाच एका दूरच्या गोळ्याचा चंद्र व्हँथ हा ऑर्कसच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका भारी भरला. एमके-२चं अजून कुणी केलेलं नाही.

त्या दिवशी माझ्याजवळ फक्त प्लूटो आणि शेरॉनची फुगडी होती, तीच मी सांगितली. दोन्ही हात पुढं करून, पारावर उभं राहून, अर्धी गिरकी घेऊन दाखवलीसुद्धा. म्हातारा बघत राहिला. "मंजे मेढबी हलती," तो म्हणाला. तेवढ्यात वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला, आणि पार रिकामा झाला.